जननेंद्रियावर चामखीळ आली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्वचा व गुप्तरोग विभागाच्या ओपीडीत जे प्रश्न दार लावून, आवाज खाली आणून विचारले जातात, ते इथे घेतले आहेत. प्रश्न लोकांच्याच भाषेत ठेवले आहेत.

खालच्या जागेवर बारीक कोंब आलेत. ही चामखीळच कशावरून?

डॉक्टरला बहुतेक वेळा बघूनच कळतं. या चामखिळी मऊ असतात. रंग कातडीसारखा, नाहीतर जरा गुलाबी किंवा काळपट. एखाददुसरी येते किंवा पुंजका येतो, आणि पुंजका वाढला की वरून फुलकोबीसारखा खडबडीत दिसतो. पुरुषांना शिश्नाच्या पुढच्या कातडीखाली, दांड्यावर, अंडकोषाच्या पिशवीवर किंवा जांघेत येतात. बायकांना योनीच्या तोंडाशी, आत, कधी गर्भाशयाच्या मुखावर. संडासच्या जागेभोवती दोघांनाही येतात आणि त्यासाठी तिथून संबंध आलेला असलाच पाहिजे असं नाही. त्या सहसा दुखत नाहीत. थोडी खाज, ओलसरपणा, घासलं गेलं तर कपड्याला रक्ताचा डाग, एवढंच.

पण तिथला प्रत्येक दाणा चामखीळ नसतो, आणि निम्मी घाबरगुंडी इथेच उडते. शिश्नाच्या टोकाच्या कडेने एका ओळीत बसलेले, सगळे एकाच मापाचे बारीक पांढरट दाणे अगदी नॉर्मल असतात. वयात आल्यावर कितीतरी मुलांना दिसतात, आणि त्यांना काहीही करायचं नसतं. बायकांना योनीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना सारखेच मऊ दाणे असतात, तेही शरीराची ठेवण म्हणूनच. पिवळसर ठिपके म्हणजे तेलग्रंथी. मध्यभागी खळगा असलेले गुळगुळीत, चमकदार दाणे दिसले तर तो मोलस्कम, म्हणजे दुसराच विषाणू.

एक मात्र चुकता कामा नये. सिफिलिस या गुप्तरोगाच्या दुसऱ्या टप्प्यात याच जागी ओलसर, चपटे, राखाडी-पांढरे उंचवटे येतात आणि ते चामखीळ समजून जाळले जातात. उंचवटे जातात, आजार अंगात राहतो. त्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन लागतं. म्हणून चामखिळीच्या पेशंटलाही व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी, लिहून दिली तर डॉक्टर पैसे काढतोय असं समजू नका.

हे होतं कशाने?

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. याचे २०० हून जास्त प्रकार आहेत. काही हातापायावर चामखीळ आणतात, साधारण ४० प्रकार जननेंद्रियाच्या भागात राहतात. त्यातले ६ आणि ११ क्रमांकाचे दोन प्रकार जननेंद्रियावरच्या सुमारे ९० टक्के चामखिळींच्या मुळाशी असतात.

तो पसरतो कातडीला कातडी लागून, त्यातही लैंगिक संबंधात. वीर्य आत गेलं नाही, संबंध पुरा झाला नाही, तरीही.

म्हणजे आता कॅन्सर होणार?

नाही. ६ आणि ११ हे कमी जोखमीचे प्रकार आहेत. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के ज्यांच्यामुळे होतात ते १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार वेगळे. एचपीव्ही आणि या कॅन्सरच्या नात्याचा छडा लावल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ मध्ये नोबेल मिळालं.

तरी बायकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या वाटेने ६ आणि ११ आले, त्याच वाटेने १६ आणि १८ ही येऊ शकतात. चामखीळ नसलेल्या बाईलाही हाच धोका आहे, म्हणून तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी सगळ्यांनीच करायची असते. यावरचं जगभर दाखला दिलं जाणारं एक मोठं काम आपल्याकडचं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. मराठवाड्यातल्या खेड्यांमधून हे जमलं. शहरात राहून ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्या ताईंना मी हे मुद्दाम सांगतो.

माझा नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध नाही. मग त्याने बाहेर काहीतरी केलं असणार ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि नवऱ्यांकडूनही तसाच येतो. उत्तर दोघांना एकच: यावरून काहीच सिद्ध होत नाही.

विषाणू अंगात शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत बहुधा दोन-तीन महिने जातात. पण तो कातडीत वर्षानुवर्षं गप्प बसूनही राहू शकतो. लग्नाआधीचा एखादा संबंध, त्यालाही आता किती वर्षं झाली. त्या माणसाला कधीच काही दिसलं नसेल, कारण एचपीव्ही लागलेल्या बहुतेकांना चामखीळ येतच नाही. आणि मग गरोदरपण, मधुमेह, स्टेरॉइडच्या गोळ्या, एखादं मोठं आजारपण अशा काळात प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि तो वर येतो. चामखीळ ज्याला आधी दिसली त्यानेच ती आणली, हा हिशोबही चुकीचा. दिली कोणी आणि घेतली कोणी हे सांगणारी कुठलीही टेस्ट नाही, आणि तसं छातीठोकपणे सांगणारा डॉक्टर भेटला तर तो अंदाजाने बोलतोय.

चामखीळ आठवड्याभराच्या उपचारात गेली पण या एका संशयावरून सून माहेरी जाऊन बसली, असं पाहिलंय. म्हणून शक्यतो दोघांना एकत्र बसवून बोलावं, आणि सासूबाईंना बाहेरच्या बाकावर थांबवावं.

सार्वजनिक संडास, टॉवेल, स्विमिंग टँक?

यातून झाल्याचा भक्कम पुरावा नाही. टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवावेत, ते एरवीही ठेवावेतच. पण घरातल्या माणसाचं ताट-पेला वेगळा करणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

कुठल्या डॉक्टरकडे जायचं? लाज वाटते.

त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ, किंवा बायकांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ. संडासच्या जागेच्या आत असतील तर सर्जन. सरकारी जिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत याच कामासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे समुपदेशक बसतो, तपासणी आणि सल्ला मोफत मिळतो. कुठे जायचं कळत नसेल तर नॅकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची, १०९७ ही हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं.

लाजेचं म्हणाल तर, केस पेपरच्या खिडकीवर ‘काय होतंय’ विचारलं की मागच्या रांगेपुढे कोण खरं सांगणार? बिनधास्त ‘खाज’ लिहून घ्या आणि आत आल्यावर खरं सांगा. आतल्या माणसाने सकाळपासून अशा चार जणांना तपासलेलं असतं. बायकांनी बाई डॉक्टर मागितली किंवा सोबत नर्स हवी म्हटलं तर तो तुमचा हक्क आहे.

संडासच्या जागी असेल तर आणखी एक घोटाळा होतो. हाताला कोंब लागला की माणूस मूळव्याध समजून तडक ‘मूळव्याध, भगंदर, बिनऑपरेशन’ अशा बोर्डाखाली जातो. तिथे तपासल्याशिवाय पुड्या आणि मलम दिलं जातं, आणि सहा महिन्यांत एका कोंबाचा पुंजका होतो. आधी कोणीतरी नीट बघितलं पाहिजे.

रक्ताची टेस्ट करून एचपीव्ही कळतो का?

नाही. लॅबच्या पॅकेजमध्ये तसं काही दिसलं तर पैसे वाचवा. गर्भाशयमुखाची एचपीव्ही टेस्ट ही कॅन्सरवाले प्रकार शोधायला असते, चामखिळीसाठी नाही. पुरुषांसाठी अशी नेहमीची टेस्टच नाही. चामखीळ काळी पडली, कडक झाली, तिला जखम झाली किंवा उपचारांना दादच देत नसेल तर तिचा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात.

एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी मात्र जरूर करावी. चामखीळ आली म्हणजे एचआयव्ही आहे असं नाही, पण एचआयव्ही असेल तर चामखिळी जास्त येतात आणि चिवट असतात. एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीनेच होते आणि अहवाल गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

उपचार काय काय आहेत?

आधी एक समजून घेऊ. आजचे उपचार चामखीळ काढतात, विषाणू मारत नाहीत. विषाणूला शरीर स्वतःच हळूहळू आवरतं, बहुतेकांत वर्ष-दोन वर्षांत. काहींच्या चामखिळी उपचाराशिवायही जातात, म्हणून लहानशा, त्रास न देणाऱ्या चामखिळीवर थोडं थांबून बघणं हाही रीतसर मार्ग आहे. फार कमी लोकांना तो मानवतो, ते सोडा.

दवाखान्यात होणारे उपचार असे. द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं, म्हणजे क्रायो: कापसाच्या बोळ्याने किंवा फवाऱ्याने लावतात, चुरचुरतं, मग फोड येऊन कातडी गळते. आठवडा-दोन आठवड्यांनी परत जावं लागतं. ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, ८० ते ९० टक्के: काडीने नेमकं चामखिळीवर टेकवतात, जागा पांढरीफट्ट होते आणि काही मिनिटं चांगलीच आग होते. विजेच्या सुईने जाळणं, म्हणजे कॉटरी किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी: बधिर करून एका बैठकीत बरंच काम होतं. मोठ्या पुंजक्यांना लेझर किंवा कापून काढणं. जाळताना निघणाऱ्या धुरातही विषाणू असतो, म्हणून डॉक्टर मास्क घालून धूर ओढणारी नळी लावतात. ते तुमची किळस म्हणून नव्हे.

घरी लावायची औषधं मुख्यतः दोन. पहिलं इमिक्विमॉड क्रीम, ५ टक्के. हे चामखिळीला जाळत नाही, त्या जागेची प्रतिकारशक्ती जागी करतं. आठवड्यातून तीनदा, एक दिवस आड, रात्री झोपताना लावायचं आणि सकाळी सहा ते दहा तासांनी साबणाने धुवायचं. जास्तीत जास्त १६ आठवडे. जागा लाल होणार, सोलवटल्यासारखी वाटणार. हे औषध काम करतंय म्हणून होतं. फार झोंबलं तर चार दिवस थांबून पुन्हा सुरू करतात. तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून लोक ट्यूब फेकून देतात, तिथे फसतं.

दुसरं पोडोफायलोटॉक्सिन, ०.५ टक्के. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, मग चार दिवस सुट्टी, असे जास्तीत जास्त चार फेरे. याचं मूळ हिमालयात उगवणाऱ्या वनककडी या वनस्पतीत आहे. मूळ वनस्पतीचं म्हणून ते सौम्य असेल असं समजू नका. आजूबाजूच्या चांगल्या कातडीला लागलं तर ती भाजते. लावताना आरसा घ्या, चामखीळ नेमकी दिसू द्या.

यातलं सगळ्यात चांगलं कोणतं? असं एक नाही. किती आहेत, कुठे आहेत, तुम्हाला दर आठवड्याला रजा मिळते का, गरोदर आहात का, यावर ठरतं. पूर्ण कोर्स करूनही फरक नसेल तर तेच रेटत बसण्यापेक्षा पद्धत बदलून मागा.

बिबा, चुना, पापडखार, घोड्याच्या शेपटीचा केस?

मानेवरच्या लोंबत्या चामखिळीला घोड्याचा केस बांधून ती पाडणाऱ्या आज्या आपल्याकडे अजून आहेत. तिथेही ते बरं नव्हे, आणि खाली तर अजिबात करू नका. बिब्याचं तेल तिथल्या पातळ कातडीवर लागलं की आजूबाजूची जागा सुजून पाणी सुटतं आणि लघवी करतानासुद्धा माणूस कळवळतो. चुना आणि पापडखार एकत्र लावल्यावर कातडी खोलवर भाजते आणि व्रण राहतो. पायाच्या कुरुपासाठी मिळणारी कॉर्न कॅप आणि सॅलिसिलिक ॲसिडचं औषध या जागेसाठी नाही. ॲपल सायडर व्हिनेगरचे व्हिडिओ बघून आलेलेही भाजूनच येतात.

मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. लावू का?

नायट्याला म्हणून जी ट्यूब गावोगाव खपते, तिच्यात बहुतेक वेळा क्लोबेटासोलसारखं कडक स्टेरॉइड असतं. त्याने खाज दोन दिवसांत थांबते आणि तिथली प्रतिकारशक्ती दबते. म्हणजे विषाणूला मोकळं रान. जांघेतली कातडीही पातळ होऊन तिच्यावर पट्टे उमटतात. ट्यूबवरचं नाव वाचा, खाली बारीक अक्षरांत औषधांची यादी असते. तीन-चार औषधं एकत्र दिसली तर ती परत करा.

जाळून घेतल्या, दोन महिन्यांत पुन्हा आल्या. उपचार फुकट गेला?

फुकट नाही गेला. परत येणं अगदी नेहमीचं आहे, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. दिसणारी चामखीळ गेली तरी शेजारच्या साध्या दिसणाऱ्या कातडीत विषाणू असतो. पुन्हा काढायच्या. बहुतेकांचं एक-दोन फेऱ्यांनंतर थांबतं. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांना हा त्रास जास्त रेंगाळतो. साखर वाढलेली असेल तर तीही ताब्यात आणा.

आणि तोवर त्या भागाचं शेव्हिंग बंद. रेझर चामखिळीवरून फिरतो आणि बारीक ओरखड्यांतून विषाणू पुढच्या जागी पेरत जातो. केस वाढले तर कात्रीने बारीक करा.

जाळल्यावर कामावर जाता येतं का?

बैठं काम असेल तर बहुतेकांना दुसऱ्या दिवशी जाता येतं. मोटरसायकलवर तासन्‌तास फिरणाऱ्यांनी दोन-तीन दिवस सुट्टी घ्यावी. सैल सुती कपडे, टबमध्ये कोमट पाण्यात दहा मिनिटं बसणं, जागा टिपून कोरडी ठेवणं. ताप, पू, वाढती सूज दिसली तर परत दाखवा.

मी गरोदर आहे आणि चामखिळी भराभर वाढतायत.

गरोदरपणात त्या वाढतातच, आणि बाळंतपणानंतर बऱ्याचदा आपोआप आटतात. या काळात पोडोफायलोटॉक्सिन आणि पोडोफायलिन (त्याच वनस्पतीचा कच्चा अर्क) पूर्ण बंद. इमिक्विमॉडही टाळतात. क्रायो, ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड किंवा कॉटरी चालते. घरात आधीची ट्यूब पडली असेल तर ती उचलून लावू नका.

फक्त चामखीळ आहे म्हणून सिझर करायचं नसतं. पुंजका इतका मोठा असेल की वाट अडेल किंवा फार रक्त जाईल, तेव्हाच. बाळाच्या घशात चामखिळी होण्याचा प्रकार आहे, पण तो फार दुर्मिळ आहे आणि सिझरने तो नक्की टळतो असंही नाही.

लग्न ठरलंय. सांगायचं का?

माझं मत: सांगा, आणि साखरपुड्याच्या गडबडीत नव्हे, आधी. ‘मला एक त्वचेचा विषाणू आहे, खूप लोकांना असतो, उपचार चालू आहेत, तुझ्यासाठी लस आहे’ एवढं पुरतं. हवं तर दोघांनी मिळून डॉक्टरकडे या. घरच्या मोठ्यांना सांगायलाच हवं असं नाही, हा दोघांतला विषय आहे.

चामखिळी असेपर्यंत आणि जखमा भरेपर्यंत संबंध टाळा. त्यानंतर निरोध वापरा. तो झाकतो तेवढीच कातडी वाचते, म्हणून पूर्ण हमी नाही, पण धोका कमी होतो. क्रीम लावलेलं असताना निरोधावर भरवसा नको, इमिक्विमॉडने रबर कमकुवत होतं. चामखिळी गेल्यावरही विषाणू काही काळ राहतो, आणि ‘आता पसरणार नाही’ अशी तारीख कोणी देऊ शकत नाही. वर्षानुवर्षं सोबत असलेल्या जोडप्यात मात्र तो बहुधा आधीच दोघांकडे पोचलेला असतो.

लस आहे ना? आता घेऊन उपयोग?

आलेली चामखीळ लसीने जात नाही. लस पुढच्यासाठी, आणि तिचं खरं काम संबंध सुरू होण्याआधी.

इथे नाव नीट बघावं लागतं. फक्त १६ आणि १८ विरुद्धची लस कॅन्सरपासून वाचवते, चामखिळीपासून नाही. ६ आणि ११ असलेलीच लस दोन्हींसाठी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही ६, ११, १६, १८ अशी चौघांविरुद्धची आहे. तिला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती आली. गार्डासिल ९ मध्ये हे चार आणि आणखी पाच आहेत. नऊ ते चौदा वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, पंधराच्या पुढे तीन.

मुलग्यांनाही द्या. ‘गर्भाशयाची लस मुलाला कशाला’ असं वडील विचारतात. चामखीळ मुलग्यांनाही होते, आणि तेच पुढे कुणाला तरी देतात. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये शाळेतल्या मुलींना चौघांविरुद्धची लस सुरू केली. तिथल्या लैंगिक आरोग्य क्लिनिकांत येणाऱ्या २१ वर्षांखालच्या मुलींत चामखिळीचं प्रमाण २००७ मध्ये ११.५ टक्के होतं, ते २०११ मध्ये ०.८५ टक्क्यांवर आलं. मुलग्यांना तिथे लस मिळाली २०१३ पासून, तरी त्या वयाच्या, मुलींशी संबंध असलेल्या मुलग्यांतलं प्रमाणही त्याआधीच झपाट्याने घटलं होतं.

माझे पुरुषांशी संबंध आहेत. डॉक्टरला सांगावंच लागेल?

सांगितलंत तर तपासणी नीट होते, कारण मग संडासच्या जागेच्या आतही नळी घालून बघता येतं. बाहेर दिसतात तेवढ्याच जाळून आतल्या राहिल्या तर चक्र संपत नाही. २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर प्रौढांमधला संमतीचा संबंध गुन्हा नाही. डॉक्टर उपदेश करायला लागला तर डॉक्टर बदला. मुंबईत हमसफर ट्रस्टसारख्या संस्था या कामात १९९० च्या दशकापासून आहेत.

माझ्या लहान मुलीला तिथे चामखीळ दिसतेय.

आज दाखवा, उद्यावर टाकू नका. जन्माच्या वेळी आईकडून किंवा हातावरच्या चामखिळीतून अंघोळ घालताना, लंगोट बदलताना विषाणू लागू शकतो, त्यामुळे लगेच कुणावर बोट रोखू नका. पण लैंगिक अत्याचाराची शक्यता तपासावीच लागते. तसा संशय आला तर पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने डॉक्टरवर बंधनकारक आहे, तो तुमच्याविरुद्ध कट नाही. मुलीला उलटतपासणीसारखे प्रश्न घरी विचारू नका, तिच्या जवळ बसा. मदतीसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन.

लगेच कधी दाखवायचं?

चामखीळ काळपट होऊन कडक लागली, जखम भरत नाही, रक्त थांबत नाही, लघवीची धार फाटते किंवा लघवीच्या छिद्रात कोंब दिसतो, संबंधानंतर किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर रक्त जातं, जांघेत टणक गाठ लागते. यातलं काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा. आधी काय लावलं होतं, तो बिबा का असेना, ते खरं सांगा. कातडी चामखिळीने तशी दिसते की भाजल्याने, हे न सांगता डॉक्टरलाही कळत नाही.